आराखडा आणि हात

सायंकाळीं भिवंडींतल्या आमच्या घरीं समई लागते, तेव्हां दूरच्या मागांचा खडखडाट चालूच असतो. अशाच एका वेळीं माझ्यापुढें एका फ्रेंच शमादानाच्या आराखड्याचें चित्र होतें. शिल्पकार व सोनार असलेल्या ज्यूस्त-ओरेल मेस्सोनिये यानें १७२८ सालीं चांदीच्या शमादानासाठीं केलेला हा आराखडा पुढें कोरीव छाप्यांच्या रूपानें प्रसृत झाला. दांडा वळणावळणांनीं असा पिळवटलेला, कीं एका बाजूवरून दुसरीची अटकळ बांधतां येऊं नये. म्हणून एकाच वस्तूचीं तीन दर्शनें काढावीं लागलीं.

मनांत प्रश्न आला : शमादान कोणाचें? ज्यानें कल्पिलें त्याचें, कीं ज्यानें ओतलें, ठोकलें, घासलें त्याचें?

कल्पनेचा पक्षपाती म्हणेल, वस्तु नश्वर, कल्पना अमर. इतिहासहि त्याच्या बाजूनें साक्ष देतो. १६८९ सालीं चौदाव्या लुईनें युद्धाच्या खर्चासाठीं व्हर्साय येथील चांदीचें सामान वितळविलें. तें कसें होतें, हें आज मुख्यतः चित्रांवरूनच जाणावें लागतें.

परंतु आमची समईच हा युक्तिवाद अपुरा ठरविते. तिचा आराखडा कोणीं काढला? बैठक, दांडा, तेलाची वाटी, शिखर हा घाट ओताऱ्याच्या हातून त्याच्या मुलाच्या हातीं येत राहिला. कित्येक समया मोडींत गेल्या, घाट राहिला. म्हणजे कल्पना कागदावर राहते तशी हातांतहि राहते. फरक एवढाच, कीं कागदावर सही असते, हातावर नसते.

१८७८ ते १८८८ या काळांत बांधलेलें बोरीबंदर, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, घ्या. स्थापत्यकार स्टीव्हन्सचें नांव पुस्तकांतून सांपडतें. पण त्यावरील कोरीव कामास हात लावणाऱ्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचीं नांवें किती जणांस सांगतां येतील?

योजकाचें श्रेय हिरावून घ्यावें, असें माझें म्हणणें नाहीं. आराखड्यावांचून हात पुष्कळदां चांचपडतो. पण नांव न उरणें हा काळाचा दोष आणि नांव न विचारणें हा आपला. मी जन्मभर वर्गांत योजकाची थोरवी शिकविली. घरची समई कोणाकडून ओतवून घेतली, हें आजीला एकदांहि विचारलें नाहीं. आतां सांगणारें कोणी उरलें नाहीं.

बाहेर माग चालूच आहेत. तेथें कापड कोण विणतो, हें विचारावयास मात्र अजून वेळ गेलेली नाहीं.