बघणारं कोणी नसताना

पहिल्या परदेशवारीहून आलेला माणूस किल्ले आणि संग्रहालयं यांवर तासभर बोलतो. माझ्या मनात मात्र बर्लिन म्हटलं की पेटतो तो रात्री दहाचा एक तांबडा दिवा. रस्ता आमच्या गच्चीसारखा मोकळा. मोटार सोडाच, कुत्रंसुद्धा नाही. तरी फुटपाथच्या कडेला चार माणसं दिव्यातल्या टोपीवाल्याकडे बघत उभी. (हा टोपीवाला मूळचा पूर्व बर्लिनचा, १९६१ सालचा. भिंत पडली, देश गेला, हा आपला ड्यूटीवर!) त्यांत पाचवे आमचे मेहुणे. पुण्यात सिग्नल म्हणजे ज्यांना निव्वळ रोषणाई वाटते, ते! त्यांनी पाय पुढे टाकला, तेवढ्यात आईचं बोट धरलेल्या एका पेंगुळलेल्या पोरानं त्यांच्याकडे बघितलं. पाय मागे आला.

तिथल्या भुयारी रेल्वेलाही फाटक नाही. तिकीट घ्या, शिक्का मारा, बसा. मेहुणे गहिवरले. पण मग कळलं, की साध्या कपड्यातले तपासनीस अवचित येतात आणि फुकट्याला साठ युरो दंड करतात.

"हात्तिच्या! म्हणजे ही भीतीच की हो, भाऊजी!" मेहुणे म्हणाले.

आक्षेप बिनतोड होता. शनिशिंगणापुरात घरांना दारं न बसवण्याची रीत पडली ती शनिदेवाच्या धाकानं. इथे स्टेशनाला फाटक नाही ते तपासनिसाच्या भरवशावर. मग यात प्रामाणिकपणा कुठे आला?

हा प्रश्न मेहुण्यांच्या आधी एका जर्मनालाच पडला होता. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. तो लहान मुलालाही वाजवी भावानंच माल देतो. पण ते दुकान चालावं म्हणून असेल, तर वागणं बरोबर असूनही त्याला नैतिक मोल नाही. कर्तव्य म्हणून केलं तरच ते खरं. या मापानं रेल्वेतले किती उतारू पास होतील, देव जाणे!

तरीही कांटसाहेबांना हात जोडून एक शंका. त्या रस्त्यावर तपासनीस नव्हता, शनिदेव नव्हते. होतं ते एक पोर. मला वाटतं, चांगुलपणा असा उसनाच सुरू होतो. आधी कोणी बघतं म्हणून, मग सवय म्हणून आणि पुढे कधीतरी, बघणारं कोणी नसतानाही.

परत आल्यावर आपण म्हणतो, "तिकडे सिस्टिम आहे हो!" पण सिस्टिम म्हणजे तरी काय? एक थांबला की दुसऱ्याला थांबणं खुळेपणाचं वाटत नाही, एवढंच. खरं अवघड काम पहिल्या थांबणाऱ्याचं. मागचे सगळे हॉर्न त्याच्याच नावानं वाजतात. तेव्हा कांटच्याच हिशेबानं बर्लिनमधल्या थांबण्यापेक्षा पुण्यातल्या थांबण्याचं मोल जास्त.

हे मी मेहुण्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटलं. फक्त त्या कांटला म्हणावं, संध्याकाळी सहाला स्कूटर घेऊन एकदा अलका चौकात ये!"