स्वस्ताईचा पत्ता

महागाई नेहमी वर्तमानकाळात असते आणि स्वस्ताई नेहमी भूतकाळात. व्याकरणाचा हा नियम शाळेत कुणी शिकवत नाही. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शनच्या रांगेजवळ पाच मिनिटे थांबलात, तर आपोआप पाठ होतो. आमच्या वेळी गुलमंडीवर दहाच्या नोटेत पिशवी भरायची. आमच्या वेळी सोनं दोनशेच्या आत होतं. आमच्या वेळी सिडकोत प्लॉट घ्या म्हटलं तर लोक म्हणायचे, एवढ्या लांब राहून करू काय?

मी काउंटरच्या आतून एकच प्रश्न विचारतो, "काका, तेव्हा पगार किती होता?"

काका म्हणतात, "पगाराचं काय घेऊन बसलास! स्वस्ताई होती म्हणतोय ना!"

इथे संभाषण संपते. कॉमर्सच्या पदवीधराला मात्र झोप येत नाही. हिशेबात जमा-खर्च अशा दोन बाजू असतात आणि आठवणीत फक्त खर्चाचीच बाजू असते, हे त्याला सहन होत नाही. रुपयाला इतके शेर ज्वारी मिळत असे, हे खरेच असेल. पण रुपया किती जणांकडे होता?

आमच्या भागाला तर हा प्रश्न विचारण्याचा खास अधिकार आहे. 22 फेब्रुवारी 1937 च्या अंकावर 'टाइम' साप्ताहिकाने निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र छापले आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांची ओळख करून दिली. हा गृहस्थ म्हणजे आमचा राजा. सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही त्याचीच रयत. जेकबचा हिरा तो म्हणे कागद उडू नयेत म्हणून वापरायचा. आमच्या पणजोबांकडे वजन ठेवायला दगड पुष्कळ होते, कागद मात्र एकच, सावकाराकडचा. त्या राज्यात रुपयासुद्धा दोन जातींचा. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार हाती पडत. म्हणजे रुपयाच्या घरातही विषमता होतीच.

त्याहीपूर्वीचे बघा. ताजमहालाला सुमारे तीन कोटी वीस लाख रुपये लागले म्हणतात. 1660 च्या सुमारास आमच्याकडे बीबी का मकबरा उभा राहिला, त्याचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणणाऱ्यांना वाईट वाटत असेल, मला त्या सात आण्यांचा अभिमान वाटतो. त्या दिवशी कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी गेले नव्हते, हे त्यातून सिद्ध होते. फक्त दगड वाहणाऱ्याच्या हातात त्यातले किती आणे पडले, हे विचारायचे नाही.

तेव्हा विषमता आजची नव्हे. मग आज ती जास्त का टोचते? माझे उत्तर असे की, निजाम आमच्या रांगेत नव्हता. त्याची संपत्ती तिजोरीत कुलूपबंद होती. ती पाहायला मिळत नव्हती आणि आमच्या आड फारशी येतही नव्हती. निजामाने हिरा घेतला म्हणून गुलमंडीवर बटाटा महागला नाही. आजचा श्रीमंत आपल्याच कॉलनीत शेजारचा प्लॉट घेतो, तोही एकदम चार. गुंतवणूक म्हणून. आपण राहायला म्हणून जो प्लॉट बघून आलेलो असतो, त्याचा भाव त्या संध्याकाळी चढतो. पूर्वी श्रीमंती आपल्या डोक्यावर होती, आता ती आपल्या पुढे उभी आहे, त्याच रांगेत.

एक साधा हिशेब मांडतो. 1970 च्या सुमारास गव्हाचा सरकारी भाव क्विंटलला 76 रुपये होता आणि दहा ग्रॅम सोने 184 च्या आसपास. अडीच क्विंटल गहू घातला की मुलीच्या लग्नाला दहा ग्रॅम सोने निघत असे. 2025 मध्ये गव्हाचा सरकारी भाव झाला 2425 आणि सोने लाखाच्या पुढे गेले. आता त्याच दहा ग्रॅमसाठी चाळीस क्विंटलांहून जास्त गहू लागतो. गहू बत्तीसपट झाला, सोने पाचशेपटीच्या वर. म्हणजे ज्याने पंचावन्न वर्षे नांगर धरला त्याचा माल बत्तीसपट, आणि ज्याने पंचावन्न वर्षे कपाटाला कुलूप लावले त्याचा पाचशेपट. कपाटाला खत लागत नाही, पाऊस लागत नाही. त्याला महिन्यातून एकदा तेल दिले की झाले.

पण या सगळ्यावर कळस चढवला तो आमच्याच गावाने. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत (तेव्हा तेच नाव होते) एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. एकूण किंमत 65 कोटी. त्यातल्या चाळीसेक कोटींचे कर्ज एका सरकारी बँकेने दिले, सात टक्के व्याजाने. पेपरांनी कौतुक केले, मराठवाडा मागास नाही हे सिद्ध झाले म्हणाले. पी. साईनाथांनी मात्र एक खवचट गोष्ट लिहिली. त्याच जिल्ह्यात ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणाऱ्यांना याहून बराच चढा दर पडत होता.

आमच्या काउंटरवर एक शेतकरी पासबुक भरून घ्यायला येतात. ही गोष्ट निघाली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मोटार उभ्या उभ्या जुनी होती, ट्रॅक्टर राबून जुना होतो. मग सवलत उभं राहणाऱ्याला कशी?"

मी पुस्तकातले उत्तर दिले. गठ्ठ्याने घेतले की घाऊक भाव मिळतो. पैसा ठेवीदारांचा असतो. बुडण्याची भीती जिथे जास्त, तिथे व्याज जास्त. याला रिस्क म्हणतात.

"म्हंजे ज्याला बुडायची भीती, त्याच्याच गळ्यात धोंडा जास्त?"

उत्तर पुस्तकात नव्हते. मी पासबुक छापून त्यांच्या हातात दिले.

नीतीचा प्रश्न एवढाच आहे, असे मला वाटते. कुणाकडे हिरा असावा आणि कुणाकडे दगड, याचे मला फार वाईट वाटत नाही. सगळ्यांना सारखे मिळावे असे म्हणणारा माणूस कॅशियरच्या खुर्चीत महिनाभर टिकणार नाही. पण दोघेही एकाच दुकानात, एकच वस्तू घ्यायला आले, तर गरिबाला ती महाग आणि श्रीमंताला स्वस्त का? आणि हे फक्त पैशाचे नाही. तेलाची पुडी घेणारा डबा घेणाऱ्यापेक्षा लिटरला जास्त मोजतो. नळ नसलेला टँकरच्या पाण्याला नळवाल्यापेक्षा जास्त देतो. गरिबी ही फार महागडी चैन आहे. ती परवडायला माणूस श्रीमंतच हवा.

म्हणून पेन्शनच्या रांगेतल्या काकांना माझे सांगणे आहे. काका, स्वस्ताई गेली म्हणून उसासे टाकू नका. ती कुठेही गेलेली नाही, याच शहरात आहे. फक्त पूर्वीसारखीच आजही ती आपल्याकडे राहायला नाही. पुढच्या महिन्यात हयातीचा दाखला आणा, आणि जमलं तर तिचाही.