आधी उंट बांधा : पावसाळा, तवक्कुल आणि आपली जबाबदारी



ठाणे परिसरात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. पहिल्या मानपाड्याला डोंगरावरून नाल्यांतून धावत येणाऱ्या पाण्याची धास्ती असते. दुसऱ्या मानपाड्याने पावसात तुंबणारे रस्ते तर पाहिले आहेतच, शिवाय २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांचे हादरेही सोसले आहेत. नाव एक, संकटे वेगवेगळी, परंतु पावसाळा तोंडावर आला की दोन्हीकडच्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते : "जे नशिबात असेल ते होईल, अल्लाहवर भरवसा ठेवा."

या वाक्यातील एकही शब्द चुकीचा नाही. चुकते ती त्याची वेळ. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे नाला साफ करण्याच्या, विजेचा मीटर वर चढविण्याच्या आणि वृद्ध आई-वडिलांसाठी सुरक्षित जागा ठरविण्याच्या दिवसांत ते उच्चारले गेले, तर ते ईमानाचे वाक्य राहत नाही. ती आळसावर घातलेली ईमानाची चादर ठरते. म्हणूनच हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे : संकटाची पूर्वतयारी करणे हे तवक्कुलच्या, म्हणजेच ईशभरवशाच्या, विरुद्ध आहे काय?

प्रेषितांची रीत

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा की बांधून, असे एका मनुष्याने आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते. आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे त्याला सांगण्यात आले. 'तिर्मिजी'मधील ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्यातील क्रमाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. भरवसा दोरीच्या जागी आलेला नाही, दोरीनंतर आलेला आहे.

कुरआनात हाच क्रम वारंवार दिसतो. आदरणीय नूह (अ.) यांनी नौका बांधली ती पाऊस सुरू होण्यापूर्वी, लोक थट्टा करीत असताना. आदरणीय यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतच दुष्काळाचे धान्य कणसांसह साठविण्यास सांगितले. आदरणीय याकूब (अ.) यांनी मुलांना निरोप देताना एकाच दरवाजाने न जाता निरनिराळ्या दरवाजांनी शहरात शिरण्याचा सल्ला दिला, आणि त्याच वेळी, अल्लाहच्या निर्णयापुढे माझा उपाय चालणार नाही, माझा भरवसा त्याच्यावरच आहे, हेही सांगितले. उपाय आणि भरवसा एकाच पित्याच्या एकाच बोलण्यात शेजारी शेजारी उभे आहेत.

हिजरतचा प्रसंग आठवा. मदीना उत्तरेला असताना प्रेषित (स.) आधी दक्षिणेकडील सौर गुहेत गेले व तीन रात्री तेथे राहिले. वाटेचा जाणकार म्हणून त्यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित यास बरोबर घेतले, आणि तो तेव्हा मुस्लिमही नव्हता. शत्रू गुहेच्या तोंडाशी येऊन ठेपला तेव्हा त्यांनी माननीय अबू बक्र (र.) यांना धीर दिला की अल्लाह आपल्यासोबत आहे. हे उद्गार सर्व तयारी पूर्ण झाल्यानंतरचे आहेत. जाणकाराचे ऐकणे ही प्रेषितांची सुन्नत असेल, तर हवामान खात्याच्या इशाऱ्याला हसणे ही कोणाची सुन्नत?

माननीय उमर (र.) सीरियाकडे निघाले असता वाटेत पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. विचारविनिमय करून ते परत फिरले. माननीय अबू उबैदा (र.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उत्तर मिळाले की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. सुरक्षित स्थळी जाणारा मनुष्य अल्लाहच्या निर्णयाबाहेर जात नसतो. त्याची पावले हीसुद्धा तकदीरच असते.

ढग पाहून चेहरा बदलत असे

माननीय आयशा (र.) सांगतात की, आकाशात ढग दाटून आले की प्रेषितांचा चेहरा बदलत असे. ते अस्वस्थपणे आत-बाहेर करीत आणि पाऊस पडू लागला की त्यांना हायसे वाटे. आद जमातीने असाच ढग पाहून पाऊस आला म्हणून आनंद मानला होता आणि त्यातूनच त्यांचा नाश झाला, याची त्यांना आठवण होई. ज्यांच्याइतका भरवसा कोणाचाच नव्हता, तेच ढगाकडे सर्वांत गांभीर्याने पाहत होते.

अजानचीही गोष्ट पाहा. थंडी-पावसाच्या रात्री लोकांनी आपल्या ठिकाणीच नमाज अदा करावी, अशी घोषणा करण्यास प्रेषितांनी सांगितले होते. पुढे एका पावसाळी शुक्रवारी माननीय इब्ने अब्बास (र.) यांनी मुअज्जिनकडून तीच घोषणा करविली. लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा दाखला दिला आणि तुम्हाला चिखलातून चालायला लावणे मला आवडले नाही, असे सांगितले. चिखलासाठी जुम्याची हाक सैल होऊ शकते. मग प्रशासनाने मनाई केली असतानाही आपली मुले ऐन पावसात धबधब्यावर जातात, ती कोणाच्या हाकेवर?

पाणी दुसरीकडून येते

२६ जुलै २००५ हा दिवस आपल्या पिढीने पाहिला आहे. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खाते त्यास 'अत्यंत मुसळधार' म्हणते. हा पाऊस त्याच्या चौपटीहून अधिक होता. त्याच दिवशी कुलाब्यात मात्र शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नाही. त्या पुरात महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. उल्हास नदीकाठच्या बदलापूर, कल्याण भागातही पाणी शिरले. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : आपल्या अंगणात रिमझिम असली तरी कर्जतच्या डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांनी आपल्या खाडीत उतरतो, आणि भरतीची वेळ असेल तर त्याला समुद्राकडे वाट मिळत नाही.

२७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी धावून आले व सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. प्रशिक्षित माणसे, तयार बोटी आणि शेजारधर्म एकत्र आले की अल्लाहची मदत कोणत्या हातांनी पोहोचते, हे त्या दिवशी दिसले.

शहादतचा दर्जा आणि जिवंतांचा हिशेब

बुडून मरण पावलेला आणि पडझडीखाली सापडून मरण पावलेला श्रद्धावंत शहीद गणला जातो, हे हदीसमध्ये आले आहे. शोकाकुल घराला याहून मोठे सांत्वन नाही. मात्र हा दर्जा मृताचा आहे. ज्यांच्या हलगर्जीपणामुळे तो मेला त्यांची ती सुटका नव्हे. ज्याने धोकादायक इमारतीत भाडेकरू ठेवले, ज्याने नाल्यात राडारोडा टाकला, ज्याने पाणी ओसरावे म्हणून मॅनहोलचे झाकण काढले आणि तेथे साधी काठीही रोवली नाही, त्याने "अल्लाहची मर्जी" म्हणून हात झटकू नयेत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील एक नामवंत डॉक्टर अशाच पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. वाटेतील इजा पोहोचविणारी वस्तू दूर करणे हा ज्या धर्मात ईमानाचा भाग आहे, तेथे वाटेत खड्डा उघडा ठेवणे हे काय ठरेल?

तसेच, पूरग्रस्तांकडे बोट दाखवून हा त्यांच्या पापांचा दंड आहे, असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नाही. परोक्षाचे ज्ञान अल्लाहलाच आहे. नाल्याकाठी कोणी हौसेने राहत नाही. तेथील घर स्वस्त असते, म्हणून गरीब तेथे राहतो. तेव्हा ज्याला अल्लाहने दुसऱ्या मजल्यावर घर दिले आहे, त्याच्या तवक्कुलची परीक्षा त्याच्या जिन्यावर होते : पाणी चढेल त्या रात्री तळमजल्यावरील शेजाऱ्यासाठी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याचे दार उघडे असेल काय?

मग काय करावे?

वस्तीतील काही जणांनी पार पाडले की सर्वांची जबाबदारी उतरते आणि कोणीच न केल्यास सर्व गुन्हेगार ठरतात, अशा कर्तव्यास 'फर्जे किफाया' म्हणतात. जीव वाचविण्याची तयारी याच प्रकारात मोडते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या शुक्रवारी मशिदीच्या विश्वस्तांनी व तरुणांनी बसून एक यादी करावी : एकटे राहणारे वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, तळमजल्यावरील घरे. कोण कोणाला बाहेर काढील आणि कोठे नेईल, हे नावानिशी ठरवावे. महानगरपालिकेने अतिधोकादायक ठरविलेल्या इमारतींच्या यादीत आपली इमारत आहे का, ते पाहावे.

घरात कागदपत्रे, औषधे, विजेरी, कोरडा शिधा व पिण्याचे पाणी यांची एक पिशवी तयार असावी. पिवळा इशारा सावध राहण्याचा, नारिंगी सज्ज होण्याचा आणि लाल तातडीने कृती करण्याचा, हे मुलांनाही ठाऊक असावे. पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच, हात कोरडे असताना, विजेचे मुख्य बटण बंद करावे. वेगाने वाहणारे गुडघ्याखालचे पाणीही माणसाचे पाय उपटते. त्यात उतरू नये, वाहन घालू नये. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्यावे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शक्यता ध्यानात घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावेत.

इतके करूनही घर वाहून जाऊ शकते, जवळचे माणूस जाऊ शकते. त्या क्षणी, आणि खऱ्या अर्थाने त्याच क्षणी, "अल्लाहची मर्जी" हे शब्द आपल्या तोंडी शोभतील, कारण आपल्या वाट्याचे काम आपण केलेले असेल. संयमाचा मोबदला त्याच्याकडे आहे. परंतु परलोकात हिशेब होईल तेव्हा पाऊस किती पडला, हे आपल्याला विचारले जाणार नाही. आपण दोरी बांधली होती काय, हे विचारले जाईल.

अल्लाह आपणा सर्वांस वेळेवर जागे होण्याची सद्बुद्धी देवो आणि त्याचा पाऊस आपल्यासाठी कृपेचा पाऊस ठरो. आमीन.