गाण्याची वेळ

आमच्या मंडळाचे या वर्षीचे लोकसंगीताचे कार्यक्रम पौषात ठरले आहेत. गावातल्या जाणत्या माणसांनी विचारलेच, की जो महिना कुणी शुभकार्याला घेत नाही तो तुम्ही कसा धरलात? पौष धरला तो त्याच कारणाने. पौषात लग्ने नसतात, म्हणून गोंधळी घरी असतात. आधीच्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमाराला वाघ्या-मुरळी जागरणांत गुंतलेले असतात आणि माघ लागला की लग्नसराई सगळ्यांना ओढून नेते. पौषातही शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. तेव्हा आमच्या वाई तालुक्यातली वाजवणारी माणसे डोंगरावर असतात. ते दिवस सोडून आम्ही पौर्णिमेनंतरचा वद्य पक्ष घेतला.

बहुतेक ठिकाणी तारीख ठरते ती सभागृह कधी मोकळे आहे आणि पाहुण्यांना कोणता दिवस सोयीचा आहे यावरून. कलावंताला सगळ्यात शेवटी कळवतात. मग ऐन लग्नसराईत एखादा गोंधळी एका घरचे बोलावणे नाकारून येतो, विंगेत तासन् तास उभा राहतो आणि वीस मिनिटांत त्याला आटपते घ्यायला सांगतात. लोककलेचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाने आधी कलावंताचे वर्ष समजून घ्यावे आणि मग त्याचा दिवस, असे माझे मत इतक्या वर्षांत पक्के झाले आहे.

रागाच्या वेळेबाबत आपण जागरूक असतो. संध्याकाळच्या मैफलीत कुणी भैरव लावला तर जाणकार लगेच एकमेकांकडे पाहतात. लोकगीताची वेळ मात्र कुणी विचारत नाही. खरे तर ती रागाच्या वेळेपेक्षाही घट्ट असते, कारण ती कामाला आणि दिनक्रमाला बांधलेली असते. वासुदेव हा पहाटेचा. मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवत तो येतो तेव्हा घर नुकते जागे होत असते. त्याचे गाणे उंबऱ्याशी थांबते, सुपातले दान झोळीत पडते, दान पावल्याचे तो देवांची नावे घेऊन सांगतो आणि पुढच्या दारी जातो. इथे गाणारा चालतो आणि ऐकणारा आपल्या जागी असतो. त्याला रात्री आठ वाजता प्रखर दिव्यांखाली उभे केले की त्याच्यापुढे उंबराही नसतो आणि पुढचे दारही नसते. तो बिचारा गोल गोल फिरत राहतो. म्हणून या वेळी वासुदेवासाठी आम्ही व्यासपीठच ठेवलेले नाही. तो पहाटे गणपती आळीतून निघेल आणि मधल्या आळीने पुढे जाईल. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी आपापल्या दारात उभे राहायचे.

वाईला या परंपरेचे मोठे देणे आहे. शाहीर साबळे इथून जवळच्या पसरणीचे. १९२३ साली जन्मलेल्या या माणसाने ‘महाराष्ट्राची लोकधारा’ रंगमंचावर आणली आणि शहरातल्या प्रेक्षकांना गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी अशी सगळी माणसे एका रात्रीत भेटवली. ते काम फार मोलाचे होते. ज्यांनी गावची जत्रा कधी पाहिली नव्हती त्यांना त्यातून आपल्याच मातीचे गाणे कळले. पुढे मात्र त्याच्या नकला निघाल्या, त्या नकलांच्या नकला शाळांच्या स्नेहसंमेलनांत आल्या आणि आता बारा मिनिटांच्या एका फेरीत सगळा महाराष्ट्र उरकतो. साबळ्यांनी माहिती नसलेल्या माणसासाठी दार उघडले होते. आपण दारातच रेंगाळलो, आत जायचे राहून गेले.

आत जायला वेळ लागतो आणि गोंधळाइतका वेळ दुसऱ्या कशालाच लागत नाही. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक मांडतात, त्यावर कलश, विड्याची पाने, नारळ. दिवटी पेटते. गणाने सुरुवात होते आणि मग देवांना बोलावणे सुरू होते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. ज्या घरचा गोंधळ त्या घरचे कुलदैवत, त्या गावची ग्रामदेवता, शिवेवरचा म्हसोबा, कुणीही विसरायचे नाही. घाईतल्या माणसाला ही नुसती नावांची यादी वाटते. मला ती गोंधळातली सगळ्यात सुंदर जागा वाटते. प्रत्येक नावाबरोबर संबळ थोडा पुढे सरकतो, तुणतुण्याची एकच तार खाली अखंड चालू राहते आणि ऐकता ऐकता आपण अख्ख्या मुलुखाची वाट चालून येतो. रंगमंचावर सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी इथे.

पुढे आख्यान. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा सांगतो, त्याचा जोडीदार मधेच अडवतो, भाबडे प्रश्न विचारतो, लोकांना हसवतो, आणि हसता हसता कथा अशा वळणावर येते की सगळे गप्प होतात. हे सगळे हळूहळू तापत जाते. शाहीर विठ्ठल उमप यांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर केले ते याच जाणिवेने. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उठलेली ओढ ही काही वीस मिनिटांत सांगून टाकायची गोष्ट नव्हे. त्यांनी तिला पुरता अवकाश दिला आणि नाट्यगृहातला प्रेक्षक तिच्याबरोबर शेवटपर्यंत बसला. लोकांना आता धीर नाही, असे आयोजक नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. लोकांना धीर असतो. त्यांच्यापुढे अर्धवट काही ठेवले की तो सुटतो.

गोंधळाबाबत एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. हा देवीचा विधी आहे, करमणूक नव्हे, मग तो तिकीट लावून किंवा पाहुण्यांच्या सत्काराच्या मधोमध का करायचा? आमच्याकडे येणाऱ्या वयस्क नाईकांनी हाच प्रश्न केला होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि त्यांच्याच सांगण्यातून मार्ग निघाला. गावातल्या एका कुटुंबाचा लग्नानंतरचा गोंधळ घालायचा राहिला आहे. तोच गोंधळ त्यांच्या वाड्याच्या चौकात होईल. यजमान ते, चौक त्यांच्या हातून मांडला जाईल, आरती त्यांची. आपण गाव म्हणून भोवती बसायचे. पूर्वी तसेच होते. गोंधळ एका घरचा असे आणि ऐकायला आळी येई. मंडळाने फक्त बिदागी आणि बसण्याची सोय पाहायची. सत्कार, प्रास्ताविक, आभार यांतले काहीही त्या रात्री होणार नाही.

आवाजाबद्दलही लिहिले पाहिजे. गोंधळी आणि तमाशातले गायक वरच्या पट्टीत गातात, कारण त्यांचे गाणे उघड्यावर, शेकडो माणसांत, ध्वनिवर्धक नसतानाच्या काळात घडले. तोच आवाज बंद सभागृहात मोठ्या कर्ण्यांतून आला की कानाला लागतो आणि लोक म्हणतात, हे गाणे कर्कश आहे. शिवाय तंत्रज्ञ ऑर्केस्ट्राच्या सवयीने मुख्य गायकाला पुढे आणतो आणि मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना मागे ढकलतो. झील धरणाऱ्यांवर तर सगळा डोलारा उभा असतो. मुख्य गायक श्वास घेतो तो त्यांच्या भरवशावर. वाड्याच्या चौकात ध्वनिवर्धकाची गरजच पडत नाही. संबळ आणि आवाज यांचा तोल ती माणसे पिढ्यान् पिढ्या स्वतःच सांभाळत आली आहेत.

बैठकीच्या लावणीला तर जवळीक हवीच. यमुनाबाई वाईकर आमच्याच गावच्या. १९१५ साली जन्मलेल्या, २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या, २०१८ साली गेलेल्या. त्यांची लावणी बसून व्हायची. एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घेत आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांच्या एखाद्या हालचालीने तिचा अर्थ पालटत. पन्नास फुटांवर बसलेल्या माणसाला यातले काय दिसणार? म्हणून लावणीची बैठक एका सोप्यात होईल आणि गाणारीचा चेहरा जितक्यांना दिसेल तितक्यांनाच प्रवेश असेल. काही जण नाराज होतील. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक ठेवू, पण मोठे सभागृह घेणार नाही.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती ओव्यांच्या सकाळची. पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. बायकांच्या खांद्यावरचा मोठा भार उतरला, हे चांगलेच झाले. पहाटे उठून दळणाऱ्या बाईचे कष्ट ज्याने पाहिलेत तो त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. पण त्या कष्टांच्या पोटात बायकांनी जे रचले ते जाणे फार वाईट. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे स्त्रियांच्या गीतांचे खंडच्या खंड छापले, म्हणून शब्द तरी राहिले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून काम सुरू करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, कितीतरी प्रत्यक्ष आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने त्या लोकांपुढे आणल्या. त्यांत भाऊ आणि माहेर आहे, विठोबा आहे, तसे बाबासाहेबही आहेत. जात्याशी बसलेल्या बाईने कुणालाही परके मानले नाही.

ओवी जात्याशिवाय म्हणून पाहिली की काय हरवते ते कळते. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने तिच्यात मिसळायचे, आणि घास घालायला हात सुटतो तेवढी गाण्यात फट पडते. जाते जड चालले की चाल संथ होते, दाणे सरत आले की आवाज हलका होतो. ही लय कुणा तबलजीला देता येणार नाही, कारण ती दगडाच्या वजनातून येते. म्हणून त्या सकाळी जात्यात खरी ज्वारी पडेल. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो आणि आवाज निराळाच येतो, हे त्या बायकांनीच आम्हाला बजावले. दळलेल्या पिठाच्या भाकरी तिथेच होतील. ज्या बायका येणार आहेत त्यांतल्या काहींनी आयुष्यात कधी लोकांपुढे तोंड उघडलेले नाही. ‘आम्हाला गाता येत नाही’ असे त्या आधी सांगतात आणि खुंट्याला हात लागला की थांबत नाहीत. त्यांना टाळ्या नकोत. मधे कुणी फोन पुढे करून चित्रण करू नये, एवढी विनंती त्यांनी केली आहे. ती पाळली जाईल. ध्वनिमुद्रण मंडळ करील, तेही त्यांच्या संमतीने, आणि त्याची प्रत त्यांच्या घरी जाईल.

पैशाचे सांगायला हवे, कारण त्याविषयी बोलायला आपण अवघडतो. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. वय झालेल्या माणसाला तो आधार आहे, पण उभ्या हातपायांच्या गोंधळ्याचे घर त्यावर चालत नाही आणि त्याचा मुलगा तुणतुणे हाती घेईल की नाही हे त्याच्या घरच्या चुलीवर ठरते. मी असे कार्यक्रम पाहिले आहेत जिथे मंडपाचा आणि दिव्यांचा खर्च कलावंतांच्या बिदागीच्या कितीतरी पट होता. आमच्या मंडळाने या वर्षी मंडप, फलक आणि स्मृतिचिन्हे रद्द केली. तो सगळा पैसा बिदागीत गेला आहे आणि झीलकऱ्याला, संबळवाल्याला नाईकाच्या बरोबरीने मिळणार आहे. हे नाईकांनीच सुचवले, हे मुद्दाम नोंदवतो.

आता तुमच्याकडे मागणे. गोंधळाच्या रात्री याल तर देवांना बोलावणे सुरू होण्याआधी या आणि आरती झाल्यावर उठा. वद्य पक्षातली थंडी आहे, घोंगडी किंवा शाल बरोबर आणा. फिल्मी गाण्याची फर्माईश करू नका. लहान मुले आणा, ती झोपली तरी चालतील. आणि तुमच्या घरी, शेजारी, मामाच्या गावी ओव्या येणारी कुणी आजी असेल, भलरी म्हणणारा, मोटेवरची गाणी आठवणारा कुणी म्हातारा असेल, तर पौष लागण्याआधी आम्हाला सांगा. आम्ही त्यांच्याकडे येऊ. त्यांना वाईपर्यंत आणण्याची, नेण्याची आणि मुक्कामाची जबाबदारी मंडळाची आहे.