एकट्याचें स्थलांतर

ज्याच्या मागें संसार नाहीं, त्यानें तिशी उलटल्यावर गांव सोडून मोठ्या शहरीं जावें, याला पुरेसें कारण कोणतें? प्रश्न साधा दिसतो. परंतु मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर तो विचारून पाहावा, म्हणजे त्यांत किती गोष्टी गुंतल्या आहेत हें ध्यानीं येतें. जाण्याचें नवल येथें कोणालाच नाहीं. मुलगा मुंबईस जाणार हें पुष्कळ घरांत पाळण्यांतच ठरलेलें असे. नवल वाटतें तें जाणाऱ्याला दुसऱ्या कोणाचें नांव पुढें करतां आलें नाहीं तर. वडिलांचें कर्ज फेडावयाचें आहे, बहिणीचें लग्न आहे, बायकोमुलांस खर्चाला पाठवावयाचें आहे, असें कांहीं सांगितलें कीं गांव त्याच्या हातीं नारळ देऊन निरोप देतो. पण पस्तिशीचा अविवाहित मनुष्य नुसतें "मला जावेंसें वाटतें" म्हणाला, तर तोच गांव विचारतो, "तुका काय, तू एकटो! तुका मुंबय कित्याक व्हयी?"

या विचारण्यामागें मोठी परंपरा आहे. १८५६ सालीं मुंबईंत पहिली सूतगिरणी चालू झाली आणि पुढील शंभर वर्षें या गिरण्यांना माणसें पुरविण्याचें काम मुख्यत्वें रत्नागिरी जिल्ह्यानें केलें. सिंधुदुर्ग हा त्याचाच दक्षिण भाग. १९८१ सालीं तो वेगळा झाला. आगबोटीनें उतरलेला चाकरमानी थेट गिरणगांवांतील गांवकऱ्यांच्या खोलीवर जाई. एका खोलींत वीस-पंचवीस माणसें. कोणाची रात्रपाळी, कोणाची दिवसपाळी, म्हणून निजावयास जागा. भिंतीशीं ज्याची त्याची ट्रंक, जेवण खानावळीचें, आणि पगार झाला कीं पोस्टांत जाऊन मनिऑर्डर. कुटुंबाला सोडून तो राहत होता खरा, परंतु एकटेपणा त्याच्या वाट्यास फारसा येत नसे. तो आजारी पडला तर चार दिवसांत गांवीं कळे. तो दारू प्याला तर तेंही कळे.

ही व्यवस्था पाहून आपण गहिंवरतों, आणि गहिंवरण्यासारखें तींत पुष्कळ आहेही. तथापि तिची किंमत कोणीं दिली हें विचारल्याखेरीज तिला आदर्श ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. २०११ च्या जनगणनेंत सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें १,०३६ स्त्रिया आढळल्या. शेती, गुरें, म्हातारीं माणसें आणि मुलांच्या शाळा यांचा भार ज्यांनीं एकटीनें वाहिला, त्यांची ही मोजदाद आहे. शिवाय चाकरमान्याचा त्याग तरी निर्भेळ कोठें होता? मुंबईंत नाटक होतें, भजनी मंडळ होतें, युनियनची सभा होती. वर्षांतून एकदां गांवीं येणाऱ्या कित्येकांना मनांतून तें शहर आवडत असलें पाहिजे. फक्त तसें बोलून दाखविण्याची सोय नव्हती. आवडीनें केलेली गोष्टही कर्तव्याच्या नांवावर मांडावी लागे, इतकेंच.

आजच्या अविवाहिताला हा आडपडदा उरलेला नाहीं. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पुरी झाली. कुडाळला संध्याकाळीं गाडींत बसावें आणि पहांटे मुंबईस उतरावें. गिरण्यांचें युग १९८२ च्या संपानंतर मावळलें, आणि गांवकऱ्यांच्या खोलीचा आधारही पूर्वीइतका राहिला नाहीं. उतरणाऱ्यापुढें पहिला प्रश्न घरमालकाचा येतो : "फॅमिली आहे का?" नाहीं म्हटलें कीं भाडें वाढतें किंवा दार मिटतें. स्त्री असेल तर रात्रीं किती वाजतां परतणार, भेटावयास कोण येणार, याचीही चौकशी होते. गंमत अशी कीं ज्या अविवाहितपणामुळें गांवांत त्याच्या शब्दाला वजन नाहीं, त्याचमुळें शहरांत त्याला जागा नाहीं. पस्तीस वर्षांचें मनुष्य दोन्हीकडे अपुरें धरलें जातें.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. आईबाप थकले आहेत. थोरला भाऊ ठाण्याला आहे, त्याचीं मुलें शाळेंत आहेत; धाकटी बहीण सासरीं आहे. उरला मधला. "तूं एकटा, तुला काय अडचण?" असें म्हणून घरचें सर्व त्याच्यावर टाकलें जातें, आणि तो म्हणजे पुष्कळदां ती असते. विवाहित भावाच्या जाण्याला आपण कर्तव्य म्हणतों. अविवाहित बहिणीच्या राहण्याला तिचा स्वभाव म्हणतों. आईबापांची सेवा हें ऋण आहे यांत मला संशय नाहीं. पण तें सर्व अपत्यांचें ऋण आहे. लग्न हा कांहीं त्यांतून सुटण्याचा दाखला नव्हे, आणि ज्याचें लग्न झालें नाहीं तो म्हणजे घरांतला शिल्लक माल नव्हे. कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांटनें १७८५ सालीं लिहिलें. तें वाचून मान डोलविणारे सुशिक्षितही घरांतल्या अविवाहिताचा हिशेब मांडतांना तें विसरतात.

तेव्हां माझें उत्तर असें कीं स्वतःचें आयुष्य हें जाण्याला पुरेसें कारण आहे. मात्र तें स्वतःच्याच नांवावर मांडण्याचें धैर्य हवें. "आईच्या औषधासाठीं जातों" असें सांगून जावयाचें आणि मग तिला धाडलेल्या प्रत्येक रुपयाबद्दल मनांत कुढावयाचें, यांत आईचा फुकट बळी जातो. स्वतःसाठीं गेलेला मनुष्य जें धाडतो तें प्रेमानें धाडतो. आणि ती कधींतरी "पैसे नकोत, तूंच ये," म्हणाली, तर तेंही त्याला ऐकावें लागतें. धैर्य असलें तरी ही बोच जात नाहीं, आणि जाऊंही नये.

शहराच्या बाजूनेंही थोडें सांगितलें पाहिजे. महानगरांतील स्वातंत्र्याची दुसरी बाजू म्हणजे गर्दींतला एकाकीपणा, असें जर्मन विचारवंत सिमेल यानें १९०३ सालच्या निबंधांत मांडलें आहे. तो बर्लिनचा, गांवकऱ्यांची खोली त्याला ठाऊक नव्हती, नाहींतर त्यानें एखादा अपवाद जोडला असता. विशींत गेलेल्याला शहर घडवितें. पस्तिशींत गेलेला घडून आलेला असतो : सकाळीं पेज हवी, संध्याकाळीं कोणाशीं बोलणें नको. गांवांत त्याच्या आजोबाच्या तापटपणापासून सारें सर्वांना ठाऊक असतें. त्याचा जाच होतो, परंतु स्वतःचा खुलासा करीत बसावें लागत नाहीं. शहरांत तो मुळापासून करावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला घाई असते.

गिरणगांवांतल्या खानावळवाल्या बायका पंधरावीस माणसांना जेवूं घालीत; त्यांच्या कष्टांना संघटनेचें बळ मिळालें तें प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढल्यावर. त्या बायकांपाशीं एक गोष्ट होती जी भाड्याच्या घरांत मिळत नाहीं : कोण जेवावयास आला नाहीं हें त्यांना समजत असे. आपण आज आलों नाहीं हें कोणाच्या तरी लक्षांत यावें, एवढ्यासाठीं शहरांत माणसाला थोडें बांधून घ्यावें लागतें. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी, उसनें मागावें, अपरात्रीं कोणाबरोबर इस्पितळांत जावें. ज्यानें मोकळेपणासाठीं गांव सोडला त्याला हें प्रथम जड जातें. भिडस्त माणसाला तर उसनें देण्यापेक्षां मागणें अधिक कठीण.

चतुर्थीला तो गांवीं येतो. "कधी इलंस? कधी जातलंस?" असे दोन प्रश्न वाटेवर भेटणारा जो तो विचारतो, आणि त्यांच्यामध्यें तिसरा सहसा येत नाहीं. घरीं आई वर्षभरानें खचलेली दिसते. कित्येक जण मग तिलाच बरोबर नेतात. खळें, तुळस, विहीर, शेजारीण हें सारें मागें ठेवून सत्तरीची बाई तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलींत येऊन राहते. मुलगा सकाळीं आठला बाहेर पडतो तो रात्रीं नवाला परततो. खालच्या मजल्यावर बोलली जाणारी भाषा तिला समजत नाहीं. तीही आतां एकटी या शहरीं आली आहे. तुला येथें यावेंसें वाटतें काय, हें मात्र तिला कोणी विचारलेलें नसतें.