मान लाल, ताट पिवळं

अटलांटात राहणारा माझा भाचा परवा फोनवर कुणाला तरी सहज ‘रेडनेक’ म्हणाला. म्हणजे आळशी, अडाणी, गावंढळ गोरा. मान लाल का, तर म्हणे, ‘उन्हात राबतात, रापते. त्यात काय एवढं, मामा?’

एवढं हे, की उन्हात राबणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा माजला होता. नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, पोटात गेलं नाही की हा रोग होतो. ऊन लागेल तिथली कातडी लाल होऊन सोलते, गळ्याभोवती तर पट्टाच उमटतो. स्पेनच्या गास्पार कासालने या रोगाचं वर्णन केलं, म्हणून त्या पट्ट्याला ‘कासालचा हार’ म्हणतात. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गरने १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या कैद्यांना मुख्यतः मक्याच्या निकस जेवणावर ठेवून हा रोग आणून दाखवला. तरी लोक संसर्गच म्हणत राहिले, तेव्हा गड्याने रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं!

बिचाऱ्या मक्याचा दोष अर्धाच. त्यातलं नायसिन अंगी लागत नाही. मेक्सिकोच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळं करत आल्या. युरोपने मका नेला, चुना मागेच ठेवला. आपणही हसू नये. हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनी गरिबांतल्या पेलाग्रावर १९६० मध्ये लिहिलं आहे.

तर मान पेलाग्रानेच लाल झाली, असं म्हणायचा मोह होतो. पण मिसिसिपीच्या बोलीवरच्या १८९३ च्या पुस्तकात खेड्यातल्या गरिबांसाठी हा शब्द आहे, म्हणजे साथीच्या आधीच. मानेपुरतं भाच्याचं खरं.

मात्र शब्दाचा जन्म वेगळा आणि त्याचा डंख वेगळा. पेलाग्रा कातडीवर थांबत नाही. माणूस गळून जातो, उदास होतो, शेवटी भ्रमिष्ट होतो. ज्याला शहरी माणूस आळस आणि मठ्ठपणा म्हणत होता, त्यातला बराचसा भाग उपासमारीचा होता. पोट भरलेलं असतानाची उपासमार. रंग उन्हाने दिला असेल, पण तुच्छतेला खतपाणी घातलं ते ताटाने.

पिठात नायसिन घालायला तिथे सुरुवात झाली ती १९४० नंतर. गोल्डबर्गर १९२९ मध्येच वारले होते.