आज्ञेचा उपवास

सद्भक्तहो, उपवास म्हणजे परमात्म्याच्या समीप वास, हा शब्दार्थ आपणांस ठाऊक आहे. परंतु अमुक दिवशी साऱ्या प्रजेने उपवास करावा, प्रार्थना करावी, अशी आज्ञा सरकारनेच काढली तर? इंग्लंड-अमेरिकेत असे दिवस वारंवार नेमले गेले. त्यांतील एक आपल्या देशाशीच निगडित आहे.

१८५७ साली हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या घोषणेने ७ ऑक्टोबर हा उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस ठरला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकण्यास २३ हजारांहून अधिक लोक जमले. घोषणेत मागणे दुहेरी होते : आमच्या पापांची क्षमा व्हावी आणि आमच्या शस्त्रांना साहाय्य मिळावे. पाप कोणते, हे मोघम राहिले. शस्त्र कोणावर चालायचे, ते मात्र ठरलेले होते. एका हाताने क्षमा मागावी व दुसऱ्याने तोफेस बत्ती द्यावी, अशा उपवासाने पोट तेवढे रिकामे होते. अहंकार भरलेलाच राहतो.

याच्या चारच वर्षे आधी, १८५३ साली, पटकीच्या साथीच्या वेळी एडिंबरोच्या धर्ममंडळाने उपवासदिनाविषयी विचारणा केली होती. गृहमंत्री पामर्स्टन यांनी उत्तर धाडले की, आधी गरिबांच्या वस्त्यांतील घाण काढा. उत्तर उत्तम होते. तेच पामर्स्टन १८५७ साली पंतप्रधान होते! एडिंबरोची घाण त्यांना दिसली. आपल्या राज्यकारभारातील घाण शोधण्याची वेळ आली, तेव्हा उपवास सोयीचा ठरला.

अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांनी असे दिवस जाहीर करण्याचे नाकारले. सरकारने नुसती शिफारस केली, तरी न पाळणाऱ्यास लोकनिंदेचा दंड बसतोच, असा त्यांचा १८०८ सालच्या पत्रातील युक्तिवाद होता. भयाने केलेली प्रार्थना देवापर्यंत नव्हे, शेजाऱ्यापर्यंतच पोहोचते.

कोणी म्हणेल, ‘स्वामीजी, पाप समाजही करतो, मग अनुताप सर्वांनी मिळून का करू नये?’ शंका रास्त आहे. लिंकन यांनी ३० एप्रिल १८६३ हा उपवासदिन नेमला आणि यादवी युद्ध ही आपल्याच राष्ट्राच्या पापांची शिक्षा असू शकेल, असे म्हटले. दोष केवळ शत्रूच्या माथी मारला नाही, हे मोठेपण खरे. तथापि त्या घोषणेत गुलामगिरीचे नाव नव्हते. ते नाव त्यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात घेतले आणि तो अपराध उत्तर-दक्षिण दोहोंचा मानला. तोवर गुलामगिरी मोडणारी घटनादुरुस्ती तेथील संसदेने संमतही केली होती. नाव घेऊन पापाची कबुली आणि ते निस्तरण्याचे कायक, हाच राष्ट्राचा खरा उपवास.

म्हणून वाचकहो, असे आवाहन कानी आले, तर तीन गोष्टी पाहा. पापाचे नाव घेतले आहे काय? ते निस्तरण्यास हात लागला आहे काय? आणि घास कोण सोडतो आहे, सत्ताधारी की आधीच अर्धपोटी असलेला? इष्टलिंग ज्याच्या त्याच्या तळहातावर असते. राजाने दुसऱ्याच्या हातून पूजा करविता येत नाही. अनुतापाचेही तसेच आहे. राज्यकर्त्याने प्रजेला उपाशी राहण्यास सांगू नये. प्रजेतील कोणी उपाशी राहणार नाही, हे पाहावे. त्याचे व्रत तेच.

शरणु शरणार्थी.